विश्लेषण : बीडचे रस्ते संगणकात टिकतात, मग जमिनीवर का उखडतात?

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई परिसरातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलींची रीघ लागते. गाळप संपते तेव्हा उन्हाळा सुरू झालेला असतो. जूनच्या पहिल्या पावसात त्याच रस्त्यांवर चाकोऱ्यांत पाणी साचते, डांबर सुटते, खडी वर येते. मग दोष कधी ठेकेदाराला, कधी अभियंत्याला, तर कधी पावसाला. वास्तविक डांबरी रस्त्याच्या थरांची जाडी आज अंदाजाने ठरत नाही. मोठ्या रस्त्यांसाठी ती संगणकावर तपासली जाते आणि तिथे रस्ता पंधरा-वीस वर्षे टिकलेला दिसतो. तर मग घोडे पेंड कुठे खाते? दोष गणितात फारसा नाही. संगणकाला कोणते वजन, कोणती माती आणि कोणता महिना सांगितला, यात तो शोधावा लागेल.

संगणक रस्त्याची परीक्षा कशी घेतो?

डांबरी रस्ता म्हणजे थरांची चळत. सगळ्यात खाली माती, तिच्यावर मुरूम किंवा खडीचा थर, त्यावर बारीक-जाड खडीचा पाया आणि वर डांबरमिश्रित थर. चाक वरून गेले की सगळे थर किंचित दबतात आणि पुन्हा सावरतात. हे दबणे-सावरणे डोळ्यांना दिसत नाही, पण लाखो वेळा झाले की थर थकतात. अनेक थरांच्या अशा रचनेत वजन कसे झिरपत जाते, याचे गणित कोलंबिया विद्यापीठातील डोनाल्ड बर्मिस्टर यांनी 1943 मध्ये मांडले. हाताने सोडवायला ते अतिशय किचकट. संगणक आले तेव्हाच ते कामाचे झाले.

भारतात रस्त्यांची मानके इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. नावात काँग्रेस असली तरी पक्षाशी संबंध नाही. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये नेमलेल्या रस्ते समितीच्या शिफारशींतून 1934 मध्ये उभी राहिलेली ही अभियंत्यांची संस्था. डांबरी रस्त्यांसाठीची तिची ‘आयआरसी 37’ ही मार्गदर्शिका 1970 मध्ये प्रथम आली. तेव्हा मातीची ताकद आणि दिवसाला जाणारी मालवाहने एवढ्यावर आलेखातून जाडी काढली जाई. 2001 च्या आवृत्तीत ‘एफपेव्ह’ ही संगणक प्रणाली आली, 2012 मध्ये तिची सुधारित आवृत्ती ‘आयआयटीपेव्ह’, आणि 2018 च्या आवृत्तीतही तीच कायम आहे. दोन्ही प्रणाली आयआयटी खरगपूरमध्ये तयार झाल्या.

प्रणाली वापरायला अवघड नाही. प्रत्येक थराची जाडी, त्याचा ताठरपणा, चाकावरचे वजन आणि टायरचा दाब असे आकडे भरायचे. वजन ठरलेले असते : 80 किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे 8.16 टनांचा एक आस. (आस म्हणजे गाडीचा एक्सल.) त्याच्या प्रत्येक बाजूला जोडचाके, म्हणून एका चाकावर 20 किलोन्यूटन. टायरचा दाब 0.56 मेगापास्कल. प्रत्यक्षात मालट्रकचे चालक याहून जास्त हवा भरतात, पण त्याचा त्रास मुख्यत: वरच्या थराला होतो, खोल मातीला कमी.

उत्तरात संगणक दोन जागांवर बोट ठेवतो. पहिली, डांबरी थराचा तळ. चाकाखाली हा थर वाकतो आणि त्याचा तळ ताणला जातो. तिथून भेगा सुरू होऊन वर येतात. दुसरी, मातीचा माथा. तो थोडाथोडा दबत गेला की वर चाकोरी पडते. मूळ मापाच्या तुलनेत किती ताणले किंवा दबले, याला अभियंते विकृती म्हणतात. रस्त्याच्या 20 टक्के पृष्ठभागावर भेगा पडल्या किंवा चाकोरी 20 मिलिमीटर खोल झाली, की तो रस्ता संपला असे मार्गदर्शिका मानते.

हे आकडे किती नाजूक आहेत, ते एका उदाहरणातून कळेल. दोन कोटी प्रमाणित आस सोसणारा रस्ता हवा असेल, तर 90 टक्के खात्रीसाठी मातीच्या माथ्यावरची विकृती मीटरमागे सुमारे 0.455 मिलिमीटरच्या आत राहायला हवी. ती 0.50 झाली तर तोच रस्ता 1 कोटी 30 लाख आसांपर्यंतच जातो. म्हणजे मीटरमागे 0.045 मिलिमीटरची चूक, आणि आयुष्याचा एक तृतीयांश भाग गेला.

चौथ्या घाताचा हिशेब काय सांगतो?

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या चालकांनी दोन वर्षे ट्रक फिरवले. कोणत्या वजनाला कोणता रस्ता कधी फुटतो, याची नोंद झाली. त्यातून निघालेला निष्कर्ष जगभरच्या रस्ते अभियंत्यांना पाठ आहे : आसावरचे वजन दुप्पट केले की रस्त्याचे नुकसान दुप्पट नव्हे, साधारण सोळा पट होते. नुकसान वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. घातांक प्रत्येक रस्त्याला नेमका चारच असतो असे नाही, पण ढोबळ हिशेब हाच.

या हिशेबाने अर्धा टन वजनाचे मोटारीचे सुमारे 70 हजार आस गेले, तर एका प्रमाणित आसाइतके नुकसान होते. थोडक्यात, मोटारी आणि दुचाकींमुळे रस्ता खराब होत नाही. म्हणूनच मार्गदर्शिका तीन टनांहून हलकी वाहने हिशेबातही घेत नाही.

केंद्र सरकारने जुलै 2018 मध्ये जोडचाकांच्या एकेरी आसावरची वजनमर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वाढ जेमतेम पावणेतेरा टक्क्यांची. चौथ्या घाताने पाहिले तर त्या आसाखालचे नुकसान सुमारे 60 टक्क्यांनी वाढले. आधी बांधलेले रस्ते या निर्णयाने जाड झाले नाहीत.

बीडची माती या गणितात कुठे बसते?

बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात. बालाघाटच्या माथ्यावरचे पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केजचा काही भाग : उथळ माती, थोडे खणले की मुरूम. आणि गोदावरी-सिंदफणेच्या खोऱ्यातले गेवराई, माजलगाव : खोल काळी माती. रस्त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

मातीची ताकद ज्या चाचणीने मोजतात, तिला सीबीआर म्हणतात. नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग त्यात दट्ट्या दाबतात. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर बहुतेक वेळा दोन-तीन टक्के भरतो, बऱ्या मुरमाचा आठ किंवा त्याहून जास्त. आयआरसीच्या सूत्राने सीबीआर 2 म्हणजे 20 मेगापास्कल ताठरपणा आणि 8 म्हणजे सुमारे 67. तिपटीहून जास्त फरक. म्हणूनच काळ्या मातीवर थेट रस्ता करू नये, वर 60 सेंटिमीटर ते एक मीटर न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा, असे मार्गदर्शिका सांगते.

आता यातला पेच पाहा. बीडमध्ये ऊस पिकतो कुठे? जायकवाडीच्या उजव्या कालव्याच्या आणि माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रात, म्हणजे नेमक्या त्याच खोल काळ्या मातीत. जिथे रस्त्याची जमीन सर्वांत कमजोर, तिथेच सर्वांत जड वाहतूक. शिवाय कोरडवाहू भागात हिवाळ्यापर्यंत जमीन वाळून घट्ट होते, पण कालव्याच्या पट्ट्यात रब्बीची आवर्तने आणि दोन्ही बाजूंना भिजवलेले उसाचे फड यामुळे रस्त्याखालची माती जानेवारीतही ओली राहू शकते. वजन आणि ओल एकाच वेळी येतात. उलट पाटोदा-शिरूरच्या माथ्यावरून जातात ती ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे. ऊस त्यांच्या गावाचा नसतो, आणि त्याने खचणारे रस्तेही नाहीत.

उसाची ट्रॉली हिशेबात धरली जाते का?

धरली जायला हवी. मोठ्या रस्त्यांसाठी सात दिवस-रात्र वाहने मोजावीत आणि काही गाड्या बाजूला घेऊन त्यांच्या आसांचे वजन करावे, असा नियम आहे. वजनाची पाहणी नसेल तर कोष्टकातला ढोबळ आकडा वापरण्याची मुभा आहे, आणि मुभा ही अशी गोष्ट आहे की ती सवय होते. पाहणी केली तरी ती कोणत्या महिन्यात केली, यावर सगळे अवलंबून. ऑगस्टमध्ये माजलगाव परिसरातल्या रस्त्यावर आठवडाभर गाड्या मोजल्या तर एसटी, खताचे ट्रक, टेम्पो सापडतील. ऊस सापडणार नाही.

ग्रामीण रस्त्यांचा प्रश्न याहून बिकट. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील आणि तशाच इतर कमी वाहतुकीच्या रस्त्यांसाठी ‘आयआरसी एसपी 72’ ही वेगळी मार्गदर्शिका आहे. तिच्यात संगणकाची गरज नाही, वाहतूक आणि मातीनुसार तक्त्यातून जाडी निवडायची. तिच्यात सुगीच्या दिवसांतील वाढीव वाहतूक धरण्याचे सूत्रही दिलेले आहे. पण सुगी म्हणजे काही आठवड्यांची धान्याची ने-आण, आणि उसाचा हंगाम म्हणजे वर्षातले चार-पाच महिने. ते सूत्र भरताना खरा काळ आणि खरे वजन घातले, तरच त्याला अर्थ.

साधा हिशेब करू. समजा, दहा वर्षांत पाच लाख प्रमाणित आस जातील असे धरून एक रस्ता बांधला. त्यावरून हंगामात 150 दिवस, रोज शंभर ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन भरलेल्या ट्रॉली. प्रत्येक ट्रॉलीला दोन आस आणि एकेरी चाके. अशा आसासाठी प्रमाणित वजन 65 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 6.6 टन. ट्रॉली उसासह 12 टन भरली तर एका खेपेला सुमारे 2.7 प्रमाणित आस होतात. फक्त उसामुळे पाच लाखांचा हिशेब संपायला बारा वर्षे लागतील. हीच ट्रॉली 16 टन भरली तर एका खेपेचे सुमारे 8.5 आस होतात, आणि तो रस्ता चार वर्षेही पुरत नाही. गाड्या तेवढ्याच, रस्ता तोच. ट्रॉलीमागे चार टन वाढले, एवढाच फरक. ग्रामसडक योजनेत ठेकेदाराकडे देखभालीची जबाबदारी पाच वर्षे असते, हेही इथे लक्षात ठेवावे.

टायरच्या बैलगाडीला मात्र या गुन्ह्यात गोवता येणार नाही. दोन टनांचा तिचा एकटा आस प्रमाणित आसाच्या एक टक्काही नुकसान करत नाही.

खरे वजन कळणार कसे?

ते आधीच मोजले जाते आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचे भरलेले आणि रिकामे वजन होते, पावती निघते. गाडी कोणत्या प्रकारची, ऊस कोणत्या गावचा, हेही नोंदवलेले असते. कोणत्या शिवारातून कोणत्या रस्त्याने हंगामात किती खेपा आल्या आणि प्रत्येकीचे एकूण वजन किती, याची इतकी बारीक नोंद राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही वाहतुकीची नसेल. आसागणिक वजन त्यातून थेट मिळत नाही, पण ट्रॉलीच्या दोन-चार प्रकारांचे आस एकदा तोलले की बाकीचे गणित करता येते. साखर आयुक्तालयाकडे गाळपाचे आकडे जातातच. ते सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम शाखेपर्यंत गाववार पोहोचावेत, यासाठी ना नवा कायदा लागतो ना मोठा खर्च. काटामारीची शेतकऱ्यांची जुनी तक्रार खरी मानली, तर रस्त्यावरचे वजन पावतीपेक्षाही जास्तच असणार. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेच्या टिपरांनाही हाच न्याय लावता येईल.

संगणकाच्या नजरेतून काय निसटते?

बरेच काही. आयआयटीपेव्ह प्रत्येक थर रबरासारखा धरते : दाबला की दबतो, सोडला की पूर्ववत. डांबर तसे नसते. गाडी वेगात गेली तर ते कडक वागते, रेंगाळली तर मऊ पडते. म्हणून ट्रॉलींच्या रांगा जिथे तासन्‌तास उभ्या राहतात, त्या कारखान्याच्या फाटकासमोरचा रस्ता आणि चढाचे, वळणाचे तुकडे इतरांआधी खचतात. डांबरी मिश्रणाचा ताठरपणा 35 अंश तापमानाचा धरतात. मार्चअखेर मराठवाड्यातल्या काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापलेला असतो आणि हंगामाचा शेवटचा ऊस तेव्हाही चालू असू शकतो.

सगळे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत, असेही गणितात धरलेले असते. दोन थरांमध्ये डांबराचा हात नीट मारला नसेल, तर ही पकड सुटते आणि वरचा थर एकटाच वाकत राहतो.

आणि काळ्या मातीचे फुगणे-आकसणे तर या गणितात येतच नाही. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेने लांबच लांब उभ्या भेगा पडतात, त्या बहुतेकदा वजनाने पडलेल्या नसतात. खालची माती कडेने वाळून आकसते, म्हणून पडतात. त्यातून पावसाचे पाणी आत जाते आणि मग पुढचे काम वजन करते. साइडपट्टी खचलेली, गटार बुजलेले, अशा स्थितीत संगणकातला रस्ता आणि बाहेरचा रस्ता यांचा संबंध पहिल्याच पावसाळ्यात तुटतो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सिंदफणेच्या काठाने जे झाले, ते तर कोणत्याच चाक-वजनाच्या प्रणालीत मांडता आले नसते.

विद्यापीठांतील संशोधक याहून सूक्ष्म प्रारूपे वापरतात. रस्त्याचे हजारो छोटे तुकडे करून डांबराचे चिकट-लवचीक वागणे, फिरते चाक, तापमान हे सगळे त्यात घेता येते. पण ज्या रस्त्यावरचे वजनच चुकीचे भरले आहे, त्याला अधिक महागडे गणित लावून हाती फक्त अधिक सुबक चूक येईल.

मुद्दा भ्रष्टाचाराचा नाही का?

आहेच. पण या आक्षेपाचे दोन भाग करायला हवेत. जाडी कमी टाकली, डांबर कमी वापरले, दबाई नीट केली नाही, ही चोरी. आणि रस्ता आराखड्याप्रमाणे झाला, पण आराखडाच दुसऱ्या वाहतुकीसाठी केलेला होता, ही चूक. रस्ता दोन्हींमुळे फुटतो आणि फुटलेला रस्ता पाहून यातले काय घडले, हे सांगता येत नाही. याचा फायदा दोघांनाही होतो. ठेकेदार जादा वजनाकडे बोट दाखवतो, विभाग ठेकेदाराकडे.

हा गुंता सोडवायला तेच गणित उपयोगी पडते. ठरावीक वजन पाडून रस्ता किती लवतो हे मोजणारे यंत्र आहे, त्याच्या वापराची ‘आयआरसी 115’ ही मार्गदर्शिका 2014 पासून आहे. रस्त्याची लवण मोजून उलट गणिताने प्रत्येक थराची प्रत्यक्ष ताकद काढता येते. हंगामाआधी आणि नंतर अशी मोजणी केली, तर थर मुळातच कच्चा होता की उसाने थकला, याचे उत्तर आकड्यात मिळते. सगळ्या रस्त्यांवर हे परवडणार नाही. मोजक्या ऊस-रस्त्यांवर परवडेल.

काँक्रीट करून टाका, हे उत्तर हल्ली सर्रास दिले जाते. काँक्रीटची फरशीही आसाच्या वजनाने थकते आणि काळी माती तिच्याखालीही फुगते. तिचा आराखडाही आसांच्या वजनावरूनच होतो. म्हणजे प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

वजन कमी करावे की रस्ता जाड करावा?

जादा वजनासाठी मोटार वाहन कायद्यात 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. तो उसाच्या हंगामात कडकपणे लावावा, असे म्हणणे सोपे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे एका खेपेत जास्त ऊस म्हणजे डिझेलची बचत. भरणे कमी केले तर खेपा वाढतील, खर्च वाढेल, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या ऊसबिलातूनच कापला जातो. रस्ता फुटल्याचा भुर्दंड मात्र जिल्हा परिषदेला आणि त्या रस्त्याने रोज शाळेत, दवाखान्यात जाणाऱ्या गावांना. या दोन्ही खर्चांची बेरीज कुणी मांडत नाही.

चौथ्या घाताचे गणित इथे उलट्या बाजूने मदतीला येते. थोडी जाडी वाढवली की विकृती थोडीच कमी होते, पण आयुष्य बरेच वाढते. मातीवरची विकृती 10 टक्क्यांनी घटवली, तर चाकोरी पडेपर्यंतचे आयुष्य दीडपटीहून जास्त होते. म्हणून ऊस-पट्ट्यातले ठरावीक रस्ते खऱ्या वजनासाठी जाड बांधणे आणि उरलेल्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉलींना मज्जाव करणे, हा मार्ग सरसकट दंडापेक्षा व्यवहार्य वाटतो. त्यासाठी कोणते रस्ते कोणते, हे आधी जाहीर करावे लागेल.

कामाच्या फलकावर आज रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेली असते. त्यात तीन ओळींची भर घालता येईल : किती प्रमाणित आस धरले, वजनाची पाहणी कोणत्या तारखांना केली, मातीचा सीबीआर किती आला. आयआयटीपेव्ह मार्गदर्शिकेसोबतच मिळते. एवढे आकडे समोर असतील तर अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांनाही तो आराखडा एका दुपारी तपासून पाहता येईल. पाहणीला लागते तेही फार नाही. चाकाखाली ठेवायचे वजनपाट, रस्त्याकडेला मांडव, नोंदीला चार माणसे आणि जानेवारीतला एक आठवडा. तेलगाव किंवा पवारवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तेव्हा ट्रॉली थांबवून तोलायला फार वाट पाहावी लागणार नाही, त्या रांगेतच उभ्या असतात.